लग्नाचं येसर

आमच्या घरात शिळं कुणी खाल्लं नाही. उरत होतं, रोज उरत होतं. पण शिळं म्हणून ते कुणाच्या ताटात पडलं नाही. हे मी छाती ठोकून सांगते. आता नातसून फ्रीज उघडून एकेक डबा हुंगते आणि विचारते, "आजी, हे कालचं आहे, टाकून देऊ?" तेव्हा मला हसूही येतं आणि तळपायाची आग मस्तकालाही जाते. कालचं असणं हा काय गुन्हा आहे? तसं बघितलं तर मीही कालचीच आहे. मला कुठं टाकणार?

हे मी सासूबाईंकडून शिकले. माझ्या माहेरी शिळं आई खायची. चुलीमागं, भिंतीकडं तोंड करून, वाळलेली भाकरी पाण्यात बुडवून. सगळ्याच घरांत बायका तशा खायच्या, त्यामुळं त्यात काही वावगं आहे असं मला वाटायचंही नाही. सासरी निघताना आईनं कानात सांगितलं, "सकाळी उठल्याबरुबर शिळी भाकर आपल्या पुढ्यात वढायची. म्हंजी सासूला बोट ठिवायला जागा ऱ्हात न्हाय." मी आज्ञाधारक पोर. पहिल्याच सकाळी दुरडीतल्या उरलेल्या भाकरी उचलल्या आणि चुलीमागं जाऊन बसले. पहिला घास तोंडात घालते तोच सासूबाई आल्या आणि त्यांनी माझ्या हातातली भाकरी काढून घेतली. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी उपास घडणार.

त्यांनी काथवट पुढं ओढली, सगळ्या भाकरी तीत चुरल्या आणि म्हणाल्या, "कांदा चिर. बारीक." कढईत करडीचं तेल तापलं, मोहरी तडतडली, कांदा लाल झाला, मूठभर शेंगदाणे पडले, हळद-तिखट पडलं आणि त्यावर तो भाकरीचा चुरा. ताकाचा हबका मारून त्यांनी झाकण ठेवलं. वास ओसरीपर्यंत गेला. मग तो कुस्करा पहिल्यांदा सासऱ्यांच्या ताटात पडला, मग ह्यांच्या, मग नणंदेच्या, मग माझ्या आणि शेवटी त्यांच्या स्वतःच्या. सासरे म्हणाले, "आज कुस्करा व्हय? झ्याक!" आणि दुसऱ्यांदा मागून घेतला.

ताटं उचलताना सासूबाई मला म्हणाल्या, "ध्यानात ठिव. ह्या घरात शिळं एकटीनं खायचं न्हाय. खायचं तर समद्यांनी, न्हाय तर कुनीच न्हाय. आन् समद्यांच्या ताटात वाढायचं म्हनल्यावर त्ये चांगलंच करावं लागतंय."

आमच्या घरचं सगळं पाकशास्त्र त्या एका वाक्यात होतं. पुढं मी किती घरं पाहिली, किती सुगरणी पाहिल्या. पण सासऱ्याच्या ताटात आणि सुनेच्या ताटात एकच कुस्करा वाढणारी दुसरी बाई मला त्या काळात दिसली नाही.

आमचं गाव मुरुमपासून सरहद्दीकडं. सकाळी मुरुमच्या बाजाराला निघावं आणि दिवेलागणीच्या आत घरी यावं, एवढ्या अंतरावर. इकडं निजामाचं राज्य, पलीकडं सोलापूरचा मुलूख, मध्ये करोडगिरीचा नाका. तिथं जकातीसाठी गाडी अडवायचे आणि पोती उसवून बघायचे, त्यामुळं पलीकडून काही आणणं म्हणजे डोक्याला ताप. सरकारला लेव्हीचं धान्य घातलं की उरलेल्यात वर्ष काढायचं. सासूबाईंचं माहेर कानडी. रोजचं बोलणं मराठी, पण रागावल्या की कानडी सुरू व्हायचं. सुरुवातीला मला एक अक्षर कळत नसे. मग एवढं कळलं की कानडी कानावर पडलं की चुलीकडं तोंड करून बसावं.

स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मडक्यांची उतरंड होती. सगळ्यांत खाली पोटभर मोठं मडकं, वर लहान लहान होत गेलेली. कुठल्या मडक्यात काय आहे ते मी डोळे मिटून सांगत असे, आजही सांगेन. खाली ज्वारी, त्यावर कण्या आणि हुलगे, मग डाळी, मग उन्हाळ्यात घातलेले सांडगे आणि खारवड्या, मग चिंच, गूळ. बाजार असो नसो, पाहुणा एक येवो की गाडीभर, त्या कोपऱ्यातून जेवण निघालंच पाहिजे. रात्रीचं पालेभाजीचं गरगट्टं उरलं की सकाळी त्यात दोन-तीन पिठं मळून धपाटे व्हायचे. भात तर सणासुदीलाच, तो उरला तर वाळवून ठेवायचा आणि पुन्हा तळायचा. ताक आंबलं तर कण्या शिजवून आंबील. सासूबाई करत, मी बघत असे, आणि वर्षभरात माझा हात असा बसला की काल काय होतं आणि आज काय झालं हे खाणाऱ्याला ओळखू येऊ नये. ह्याचा मला गर्व होता. आहेच.

पण ह्या सगळ्यांचा राजा म्हणजे येसर. मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगावं लागतं म्हणून सांगते. गहू, ज्वारी, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं, धणे-जिरे-मिरे-मिरच्या भाजायच्या आणि जात्यावर दळून एकत्र करायचं. घरात दुसरं काही नसलं तरी फोडणी करावी, पाणी ओतावं, मूठभर येसर कालवून टाकावं. चार उकळ्या आल्या की अशी दाट आमटी होते की कोरडी भाकरीसुद्धा तिच्यापुढं मऊ पडते.

येसर दोन प्रकारचं. एक रोजचं आणि एक लग्नाचं. घरात लग्न ठरलं की मुहूर्त बघून पाच सवाष्णी जात्याला हळदकुंकू लावतात आणि लग्नाचं येसर दळतात. त्यात सुकं खोबरं, तीळ, दगडफूल असा हात सैल सोडलेला असतो. ते नव्या मडक्यात भरायचं, गळ्याला हळदीचा दोरा बांधायचा आणि उतरंडीच्या सगळ्यांत वर ठेवायचं. लग्नाच्या दिवशीच तो दोरा तोडायचा. त्याआधी तोडला आणि लग्न मोडलं, तर ती पोर नाव ठेवलेली झाली. तिच्या दारात पुन्हा सोयरीक येत नाही. आणि सोयऱ्यांनी ते येसर एकदा खाल्लं की लग्न लागल्याशिवाय त्यांना उठता येत नाही. आमच्याकडं हे लहान पोरालासुद्धा माहीत असे.

माझ्या नणंदेचं लग्न ठरलं तेव्हा मीही त्या पाच सवाष्णींत जात्याला बसले होते. नणंद माझ्याहून थोडी धाकटी. शांत, कमी बोलणारी, पण कामाला वाघीण. मुलगा मुरुमच्या पलीकडच्या गावचा, शेतीवाडीचा. सगळं ठरलं, येसर दळलं, दोरा बांधला आणि धामधूम सुरू झाली. निजामाच्या राज्याचे ते शेवटचे दिवस, पण शेवटचे आहेत हे तेव्हा कुणाला ठाऊक? गावोगावच्या लुटीच्या, जाळपोळीच्या बातम्या येत होत्या. माणसं घरं सोडून सरहद्दीपलीकडं जात होती. पहिल्यांदा लग्न पुढं गेलं, कारण मुलाकडच्या गावातून वऱ्हाड निघणं धोक्याचं होतं. दुसऱ्यांदा गेलं, कारण रस्ताच बंद झाला.

दोनदा पुढं गेलेलं लग्न म्हणजे गावाला चघळायला सुपारीच. विहिरीवर बायका बोलायच्या, पोरीचाच पायगुण खोटा. मी एकदा भरलेली घागर खाली ठेवून त्यांना विचारलं, "निजामाला बी आमच्या वन्संनीच गादीवर बशिवलं का?" त्यांनी आपापल्या घागरी उचलल्या. पण घरी येऊन मी हे नणंदेला सांगितलं नाही. तिनं ऐकलं होतंच. तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं आणि ती रोज उतरंडीवरच्या त्या मडक्याची धूळ पुसायची.

असं करता करता ज्येष्ठ उजाडला. आषाढ लागला की लग्नं बंद, मग थेट तुळशीचं लग्न होईपर्यंत मुहूर्त नाही. आणि तोवर काय होईल, कोण कुठं असेल, देव जाणे. आता नाही झालं तर होणारच नाही, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी तोंडानं बोलत नव्हतं. त्यात घरातलं संपत आलेलं. अंगणात जमिनीखाली धान्याचं पेव होतं, पण पेव उघडलं की त्याचा वास चार घरं जातो आणि कुणाच्या घरात किती दाणा आहे ते सगळ्या मुलखाला कळतं. त्या दिवसांत ते कळू द्यायचं नव्हतं. म्हणून पेवावर शेणाचा ढीग आणि आम्ही उतरंडीवर. रोजचं येसर संपलं. खारवड्या तळाला गेल्या. लग्नासाठी जमवलेलं एकेक करून खाण्यात गेलं. राहिली फक्त तळाची ज्वारी, कांडून ठेवलेले थोडे गहू, गूळ आणि ते वरचं मडकं.

एका सकाळी, न्याहारीच्या सुमाराला, दारात गाड्या थांबल्या. सोयरे आले होते. सगळे. नवरदेव, त्याचे आईवडील, धाकटी भावंडं, एक म्हातारी आत्या. वाजंत्री नाही, मुंडावळ्या नाहीत. गाडीत गाठोडी, भांडी, गोधड्या आणि बांधलेली दोन वासरं. गाव सोडून निघाले होते, सरहद्दीपलीकडच्या छावणीकडं. आमचं घर वाटेवर.

सासूबाईंनी माझ्याकडं फक्त बघितलं. त्या बघण्याचा अर्थ, एवढ्या माणसांचं जेवण. नणंद आत पळाली आणि उतरंडीच्या आडोशाला बसली, कारण लग्नाआधी नवरदेवाच्या नजरेला पडायचं नसतं. मी तांब्या भरून ओसरीवर गेले तेव्हा व्याही सासऱ्यांना सांगत होते. हळू आवाजात, खाली बघत.

"पाव्हनं, आमी पलीकडं निघालोय. माघारी येनं कवा हुईल, हुईल का न्हाय, ठावं न्हाय. पोराचं लगीन आता कसं करावं? हातात काय ऱ्हायलं न्हाय. तुमी पोरीसाठी दुसरीकडं बघा. आमचा राग मानू नगा."

सासऱ्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. तो धिप्पाड माणूस मला तसा कधी दिसला नव्हता. मी तांब्या ठेवला आणि आत आले. माझे कान तापले होते. ते लोक वाईट नव्हते, ते मला कळत होतं. पण आमच्या पोरीचं काय चुकलं होतं? मुलूख पेटला म्हणून तिनं जन्मभर उतरंड पुसत बसायचं?

नणंदेनं ऐकलं होतं. तिचे कान भिंतीला लागलेलेच होते. तिच्या हातात दुरडी होती आणि ती कालच्या भाकरी चुरत होती, बारीक, अजून बारीक, पार रवा होईपर्यंत.

"जेवायला काय करताय, वैनी?" तिनं विचारलं.

"कुस्करा. कालच्या गरगट्ट्याचं धपाटं. आन् आमटीला..." मी थांबले. आमटीला काही नव्हतं. डाळ नव्हती, येसर नव्हतं. माझी नजर वर गेली. तिची माझ्यामागोमाग गेली.

तिनं दुरडी खाली ठेवली. मग ती म्हणाली, "फोडलं आन् लगीन न्हाय झालं तर?"

"तर गाव तुमाला जन्मभर नावं ठिवील, वन्सं. मला बी ठिवील."

"आन् न्हाय फोडलं तर?"

"तर तुमच्या डोळ्यांदेखत त्याला किडं पडत्याल."

ती उठली. हात धुतले, पदराला पुसले आणि पायाच्या चवड्यावर उभी राहून ते मडकं स्वतः खाली उतरवलं. माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "दोरा तुमी तोडा. माझ्या हातानं तोडायचा नसतुया." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. घरातल्या मोठ्यांना जे सुचत नव्हतं ते त्या पोरीनं ठरवून टाकलं होतं. मला आजही तिचा अभिमान वाटतो.

मी दोरा तोडला.

मडक्याचं तोंड उघडलं आणि खोबऱ्याचा, दगडफुलाचा, भाजल्या तिळाचा वास आला. मी सढळ हातानं फोडणी केली, पाणी ओतलं, येसर कालवलं. आमटीला पहिली उकळी येते तोच सासूबाई दारात. वासानंच आल्या असणार. त्यांनी चुलीकडं पाहिलं, मडक्याकडं पाहिलं, जमिनीवर पडलेल्या पिवळ्या दोऱ्याकडं पाहिलं. मी मान खाली घातली आणि कानडीची वाट बघत बसले.

त्या मराठीत बोलल्या. "मीठ बघितलंस का?"

"न्हाय, आत्याबाई."

त्यांनी पळीनं तळहातावर थेंब घेतला, चाखला. "थोडं लागंल," म्हणाल्या आणि स्वतःच मीठ टाकलं. माझा जीव भांड्यात पडला. नणंद उतरंडीमागं तोंडात पदर कोंबून रडत होती की हसत होती, मला कळलं नाही.

पाहुण्यांची पंगत ओसरीवर बसली. बायका आत, विहीणबाई दाराशी. त्या दमलेल्या होत्या, धुळीनं भरलेल्या होत्या. येताना कुठल्याशा ओढ्यावर तोंड धुतलं असेल तेवढंच. मी वाढत गेले. कुस्करा, धपाटे, विस्तवावर भाजलेल्या शेवटच्या खारवड्या आणि वाटीत आमटी. विहीणबाईंनी धपाट्याचा तुकडा आमटीत बुडवला, तोंडात घातला आणि थांबल्या. घास तसाच गालात. मग हळूच गिळला आणि वाटीकडं बघत म्हणाल्या, "ह्ये रोजचं येसर न्हाय."

ओसरीवरचे हात थांबले.

"न्हाय," सासूबाई म्हणाल्या. "लग्नाचं हाय. मुहूर्ताचं. दोरा आज तुटला."

व्याह्यांनी वाटी खाली ठेवली, पण निम्मी संपवून झाली होती. नवरदेवाची तर पूर्ण संपली होती, आणि तो मेला ताटाकडं बघून हसू दाबत होता. तेव्हाच मला तो आवडला.

"विहीणबाई, तुमी ह्ये काय केलंत?" नवरदेवाच्या आईचे डोळे भरले. "मला काय नगं हाय का तुमची लेक? पर म्या तिच्या अंगावर काय घालू? लुगडं न्हाय, डोरलं न्हाय. मोकळ्या हातानं सून न्यायची? लोकं काय म्हनतील?"

म्हणजे लाज होती. एवढंच होतं. मुलगी नको नव्हती. देण्याघेण्याला काही नाही म्हणून ती माणसं स्वतःच मागं सरत होती. घरदार सोडून निघालेल्या माणसाला पहिल्यांदा आपली अब्रू दिसते, जीव नंतर.

सासूबाई त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. "तुमच्या गाठुड्यात काय हाय?"

"काय न्हाय. वाटंची शिदोरी. कडक भाकरी आन् चटणी. शिळ्या हायत्या." हे शेवटचं त्यांनी इतक्या खाली आवाजात सांगितलं की मला माझी आई आठवली, चुलीमागची, भिंतीकडं तोंड केलेली.

"आना हिकडं," सासूबाई म्हणाल्या.

विहीणबाई लाजत होत्या, पण गाठोडं सोडलं. पातळ, कडक वाळलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगांची चटणी. सासूबाईंनी काथवट मागवली. त्यांच्या भाकरी चुरल्या, वर आमचा उरलेला कुस्करा घातला, चटणी भुरभुरवली आणि दोन्ही हातांनी सगळं एकत्र केलं. "बघा. आता ह्यातली तुमची कंची आन् आमची कंची, सांगा बरं. आमच्या घरात शिळं एकटीनं खात न्हायत, विहीणबाई. लगीन बी तसंच लावू. तुमचं जे हाय त्ये आन् आमचं जे हाय त्ये."

विहीणबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग आपल्या गळ्यातल्या डोरल्याची गाठ सोडली, दोन मणी काढून सासूबाईंच्या हातावर ठेवले आणि उरलेलं पुन्हा गळ्यात बांधलं. "ह्ये तिला. माझं मला हाय."

बाहेर सासऱ्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं.

गोरज मुहूर्ताला पंचांग लागत नाही. गुरं घरी येण्याच्या वेळेला लग्न धरलं आणि हाताशी तेवढा दिवस होता. गहू भिजत घातले, शिजवले, गूळ घालून हुग्गी केली. आमच्याकडं गव्हाच्या खिरीला हुग्गीच म्हणतात, सासूबाईंच्या माहेरचा शब्द. आळीतल्या बायकांना सांगावा गेला की लग्न आहे, आणि घरी जे असेल ते घेऊन या. हे सासूबाईंनीच सांगायला लावलं. मला वाटलं, बायका नाकं मुरडतील. पण कुणी वांग्याची भाजी आणली, कुणी ताकाचा गडू, कुणी सकाळची उसळ, कुणी झाकून दोन भाकरी. ज्या विहिरीवर पायगुण काढत होत्या त्याही आल्या. मी त्यांना काही बोलले नाही. उसळी सगळ्या एका पातेल्यात ओतल्या, वरून येसर घातलं आणि उकळी आणली. कुठली कुणाच्या घरची, ते कुणालाही सांगता आलं नाही.

नणंद सासूबाईंच्या लुगड्यात उभी राहिली. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या. मी तळच्या मडक्यात हात घालून ज्वारी काढली, हळदीत रंगवली. वर्षभर एकेक दाणा जपलेला, खाली सांडला तर वेचून घेतलेला. सासूबाई मला म्हणाल्या, "आज हात आखडू नगंस." आणि मी उधळली. मूठ मूठ उधळली. घरातलं धान्य मी आयुष्यात तेवढं एकदाच उधळलं आणि मला त्याची हळहळ वाटली नाही.

पंगत बसली ती सगळ्यांची एकदम. नवरीच्या ताटात जे होतं तेच नवरदेवाच्या, तेच व्याह्यांच्या, तेच आमच्या सालगड्याच्या. पक्वान्नांच्या पंगती मी पुढं खूप बघितल्या, वाढल्याही. पण ते जेवण जो जेवला तो मरेपर्यंत त्याचं नाव काढत राहिला. आणि ते मी शिजवलं होतं. हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या जुंपल्या. सासूबाईंनी लेकीच्या ओटीत गहू घातले आणि मांडीवर ते मडकं ठेवलं, उरलेल्या येसरासकट. बाकी द्यायला काही नव्हतं. गाडी वळणाआड गेली तशी त्या आत आल्या आणि उतरंडीच्या वरच्या रिकाम्या जागेकडं बघत उभ्या राहिल्या. शाबासकी त्यांच्या तोंडी नव्हतीच. रागावल्या नाहीत, एवढ्यावर मी समाधान मानलं होतं. तरी सांगते, मनात वाटायचं. एकदा तरी म्हणाव्यात, बरं केलंस.

पाऊस आला, गेला. दिवस फार वाईट होते, त्यांच्याविषयी मला बोलायचं नाही. पलीकडून बातमी येत नव्हती. सासूबाई रोज सकाळी घास हातात घेऊन एकदा कानडीत काहीतरी म्हणायच्या. "ऊटा आतेन?" जेवलीस का, असा त्याचा अर्थ. ते लेकीला असे. तेव्हा त्यांच्या कानडीत राग नसायचा.

मग राज्य गेलं, रस्ते मोकळे झाले, आणि दिवाळीच्या तोंडावर त्याच गाड्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. माघारी आपल्या गावी निघाली होती माणसं. नणंद उतरली. काळी पडली होती, हाडं वर आली होती, पण चालणं असं होतं की मी बघतच राहिले. ही ती उतरंड पुसणारी पोर नव्हती. तिच्या कमरेवर तेच मडकं होतं.

विहीणबाई तिला बोलूच देत नव्हत्या. "म्या सांगते, विहीणबाई. छावणीत जाडंभरडं दानं मिळायचं, मीठ मिळायचं न्हाय. पोरं तोंड फिरवायची. ही तुमची लेक. सकाळचं उरलं की सांजच्याला त्याला असं रूप द्यायची की पोरं पुन्यांदा मागून घ्यायची. चिमूट चिमूट येसर घालायची. आजूबाजूच्या चार पालांतल्या बाया शिकाया यायच्या. आमच्या म्हातारीला दात न्हायत, तिला त्याचीच पातळ पेज. जगवलं हिनं आमाला. आन् एक दिस एकटीनं शिळं खाल्लं न्हाय, आमाला बी खाऊ दिलं न्हाय."

सासूबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. नणंदेनं मडकं त्यांच्यापुढं ठेवलं. "भांडं रिकामं माघारी द्यायचं नसतंय, आई." मडकं भरलेलं होतं. वाटेत कुठंतरी मुक्काम करून, कुणाचं तरी जातं मागून, तिनं नवं येसर दळलं होतं. गळ्याला हळदीचा दोरासुद्धा बांधला होता.

आम्ही सगळे तिथंच उभे होतो. सासूबाईंनी मडकं उचललं, जड आहे की नाही ते बघितलं. मला वाटलं, आता ह्या ते उतरंडीवर ठेवणार, पुढच्या कुठल्यातरी लग्नासाठी. त्या वळल्या आणि मडकं माझ्या हातात दिलं.

"तूच फोड," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला यश हाय."

मी दोरा तोडला आणि सगळ्यांसाठी आमटी टाकली.